सरपंचाचा फॉर्म

नांदेडला समाजशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विषय, ग्रामीण भागातला राष्ट्रवाद. आमचे गाईड खुर्चीत रेलून म्हणायचे, "राष्ट्र ही कल्पना आहे, कल्पना!" आणि शिपायानं चहा उशिरा आणला की त्याच्या जातीवर घसरायचे. मीही त्यांच्याच तालमीतला. प्रश्नावलीचा गठ्ठा बगलेत मारून एसटीनं मुखेड गाठलं आणि तिथून माझं गाव. वाटलं, आपण आता ह्या अडाण्यांचा अभ्यास करणार. काय तो माज!

त्याच वर्षी आई सरपंच झाली होती. जागा बाईसाठी राखीव पडली, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला उभं केलं. आमच्या मराठवाड्यात झेंडावंदन वर्षातून एकदा जास्तीचं असतं, मुक्तिसंग्राम दिनाचं. ग्रामपंचायतीपुढं ते सरपंचानं करायचं. आईचं ते पहिलंच. अंगणातल्या खांबाला दोरी बांधून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात झेंडूच्या पाकळ्या गुंडाळून ती रोज गाठ सोडायची सवय करायची. "एवढी एक दोरी नीट वढली की झालं बघ," म्हणायची. सरपंचकीतलं दुसरं काहीच तिनं मागितलं नव्हतं.

मी फॉर्म भरत फिरलो. पारावर एकेक जण छाती फुगवून बोलला. देशासाठी जीव द्यायला तयार असलेले एका दुपारी इतके भेटले की विचारू नका. गावची तुंबलेली नाली उपसायला मात्र त्यातला एकही उठत नव्हता.

झेंड्याच्या सकाळी आई हिरवं इरकल नेसून खांबापाशी गेली. हात पुढं केला, तोच दादा म्हणाले, "सरक बाजूला. गाठ अडकली तर गावात इज्जत जाईल." आणि दोरी त्यांनीच ओढली. अडकली की गाठ! ते ओढतायत, उपसरपंच ओढतोय, ग्रामसेवक घाम पुसतोय. कसाबसा झेंडा सुटला, पाकळ्या दादांच्या टोपीवर पडल्या. मग भारतमातेचा जयजयकार झाला, त्यात दादांचा आवाज सगळ्यात मोठा. आई मागं बायकांत जाऊन उभी राहिली होती.

आणि मी दीडशहाणा काय करत होतो? वहीत लिहीत होतो, 'गावाचा उत्स्फूर्त सहभाग.' थू माझ्या शिक्षणावर!

दुपारी चुलीपुढं बसून फॉर्म लावत होतो. भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "सरपंचाचाबी फॉर्म असंल की रे त्यात?"

"हाय की. कालच भरला."

"कवा? मला तर कुणी काय इचारलं न्हाई."

मी तो फॉर्म काढला. वर 'सरपंच' असं माझं अक्षर, खाली दादांची उत्तरं, दादांची सही. मीच त्यांच्या हातात दिला होता. देताना मनात शंकासुद्धा आली नव्हती. पारावरच्या माणसांना, गाईडला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि मी तर त्यांच्याही पलीकडचा निघालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाईघाईनं कोरा फॉर्म घेतला आणि पहिला प्रश्न वाचला, "झेंडा फडकताना बघून तुम्हाला काय वाटतं?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"दोरी हातात आली की सांगते," म्हणाली.