अनंताच्या खुणेपुढे

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. असल्या लेखांची सुरुवात याच वाक्याने होते हे मला माहीत आहे, आणि इतक्या जणांनी ते लिहून ठेवल्यामुळे माझ्या म्हणण्याला फारशी किंमत उरलेली नाही, हेही. तरी नोंद असावी. बावीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली आहे. एवढी वर्षं सरकारी इमारतीत काढलेल्या माणसाला अदृश्य शक्तींची भीती वाटत नाही... दृश्य शक्तीच पुरून उरतात.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. भवनाचं नाव सांगत नाही. मध्य दिल्लीत आहे, मागे हिरवळ आहे, हिरवळीच्या कडेला शेवंतीच्या कुंड्या. आमचे जॉइंट सेक्रेटरी निवृत्त होत होते. सकाळी भाषणं झाली. साहेबांच्या कार्यकाळाला ‘स्वर्णिम’ म्हणणाऱ्या तीन वक्त्यांपैकी दोघांना साहेबांनीच एकेकदा दूरच्या बदलीवर पाठवलं होतं. दुपारी तीनला ग्रुप फोटो. कोण बसणार, कोण उभं राहणार, याची नोटशीट मंजूर होऊन आली होती. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पाठींवर पांढरे टॉवेल होते, दुसऱ्या रांगेला नुसत्या खुर्च्या, तिसरी रांग उभी. आपल्या लोकशाहीत टॉवेल ही फार मोठी गोष्ट आहे.

ठरवलेला फोटोग्राफर मेरठहून यायचा होता. सकाळच्या धुक्यात अडकला तो आलाच नाही. साहेबांच्या पीएने मला धरलं, कारण माझ्या ड्रॉवरमध्ये कॅमेरा असतो हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जुन्या लेन्सचा नाद आहे — चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, धातूच्या, हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या. त्या आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला थेट बसत नाहीत, मध्ये अडॉप्टर लागतो. साधा अडॉप्टर म्हणजे पोकळ नळी. तो लावला की माझ्या कॅमेऱ्याचा छोटा सेन्सर चित्राचा मधलाच भाग उचलतो, कडा वाया जातात. म्हणून मी फोकल रिड्यूसर वापरतो. त्या नळीत भिंगं असतात, ती मोठं चित्र आकसून छोट्या सेन्सरवर बसवतात. लेन्सला तिची जुनी रुंदी परत मिळते. चांगले रिड्यूसर महाग असतात. माझा स्वस्तातला.

स्वस्तातल्याची एक खोड असते. लेन्सवर आडवा आठ कोरलेला असतो, तो अनंताचा. रिंग त्या खुणेवर आली की लांबचं सगळं स्पष्ट दिसायला हवं. माझ्या रिड्यूसरमध्ये ते खुणेच्या जरा अलीकडेच स्पष्ट होतं, आणि रिंग तरीही पुढे फिरत राहते. पुढे काय असतं? काही नाही, सगळं धूसर. अनंताच्या पलीकडे वस्तूच नसते, तर स्पष्ट काय होणार? हे प्रकाशशास्त्र आहे, यात श्रद्धेला जागा नाही.

हिरवळ लहान होती. रिड्यूसर नसता तर दोन्ही टोकांचे अंडर सेक्रेटरी कापले गेले असते, आणि मग माझी बदली कुठे झाली असती कोण जाणे. लोकांपासून नऊ-दहा मीटरवर ट्रायपॉड लावला.

तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा होता मेश्राम. वर्ध्याचा. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच सेक्शनमध्ये. डबा अजून एकत्र खातो. त्याची आई चार दिवसांपासून वर्ध्याच्या दवाखान्यात होती. त्या सकाळी धाकट्या भावाचा फोन आला होता — डॉक्टर म्हणताहेत, बोलावून घ्या. निजामुद्दीनहून पाच वीसची गाडी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वर्धा. बॅग त्याने हिरवळीवरच आणून ठेवली होती. तो लवकर निघणार होता, पण पीए म्हणाला, साहब पूछेंगे. म्हणून थांबला.

“लवकर उरक बे काळे,” तो रांगेतून मला म्हणाला. “मले गाडी आहे. या साहेबलोकायचं काय, यायले टॉवेल आहे.”

मराठी कळणारे आम्ही दोघंच. बाकीचे गंभीर.

सरकारी ग्रुप फोटोत प्रत्येक जण नंतर फक्त स्वतःचा चेहरा मोठा करून बघतो. त्यामुळे मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून एकेक चेहरा तपासत गेलो. साहेब स्पष्ट. डिप्टी सेक्रेटरी मॅडम स्पष्ट. तिसरी रांग... बिष्टच्या मिशीचा केस न् केस. त्याच्या शेजारी मेश्राम — धूसर.

हलला असेल, म्हणून थांबलो. हलला नव्हता. रिंग जरा अलीकडे घेतली, जरा पलीकडे घेतली. बाकीचे बिघडले, मेश्राम होता तसाच. आता ही भिंगंच स्वस्तातली, चित्राच्या त्या कोपऱ्यात दोष असू शकतो. मी त्याला मधे बोलावलं, थेट साहेबांच्या मागे. तिथे सेक्शन ऑफिसरने उभं राहणं म्हणजे नोटशीटचा भंग होता. पीएने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी राष्ट्रगीताला बसून राहिलोय. बिष्टला मेश्रामच्या जागी सरकवलं. कोपऱ्यातला बिष्ट स्वच्छ. मधोमध मेश्राम धूसर. त्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे स्वच्छ.

मग मी रिंग फिरवतच गेलो. का, ते सांगता येत नाही. अनंताच्या खुणेपर्यंत आलो, सगळे जण विरघळले, टॉवेल तेवढे पांढरे डाग होऊन उरले. खुणेच्याही पुढे गेलो... आणि रिंग शेवटी अडली तिथे मेश्राम स्पष्ट झाला. एकटा. स्वेटरची वीण, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली चिकटपट्टी, दाढी करताना कापलेलं हनुवटीवरचं. आजूबाजूला तीस माणसांचा चिखल, आणि त्यात हा एकटा, वाट बघत असल्यासारखा.

माझे हात गार पडले. थंडी होती, हेही लिहून ठेवतो.

पीए ओरडला, कितनी देर? मी रिंग दहा मीटरवर आणून फोटो काढले. ते फ्रेम होऊन आता आमच्या कॉरिडॉरमध्ये लागले आहेत. त्यात मेश्राम धूसरच आहे. सगळे म्हणतात, हलला असेल.

इथे एक कबुली द्यायला हवी. मराठी वर्तमानपत्रं माणूस वारला असं सरळ लिहीत नाहीत. ‘अनंतात विलीन झाले’ लिहितात. या शब्दांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेतसुद्धा केली आहे, घरी त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. आणि त्या दिवशी हिरवळीवर, लोक समोशांकडे वळत असताना, माझ्या डोक्यात तेच दोन शब्द येऊन बसले. दुसरा काहीही आधार नव्हता. पुढे मी जे केलं ते या दोन शब्दांच्या भरवशावर केलं.

मेश्रामने बॅग उचलली. मी म्हणालो, थांब, तुझा एक सिंगल फोटो काढतो, आईला दाखवायला. ते ऐकून तो थांबला. ही लाच होती, आणि कोणाच्या नावावर दिली जातेय ते मला कळत होतं. तीन मीटरवर उभा केला. तीन मीटरला धूसर. पाचला धूसर. शेवटच्या टोकाला, अनंताच्या पलीकडे, स्पष्ट. मी चार-पाच फोटो काढले. लेन्स काढून परत लावली. रिड्यूसर पुसला. पुन्हा तेच.

“चेहरा वाईट आहे म्हणून सांग ना,” तो हसत म्हणाला. मग हसला नाही. “काळे, आई वाट बघते बे.”

चार वाजून गेले होते. त्याची टॅक्सी गेटवर उभी होती, ड्रायव्हरचे फोन येत होते. मी म्हणालो, सोड ती, मी सोडतो तुला. तो म्हणाला, तू गाझियाबादला जाणार, कायले वाकडी वाट? मी म्हणालो, यार, एवढं तरी करू दे. त्याने टॅक्सी रद्द केली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पार्किंगपर्यंत चालला. तो हात मला अजून आठवतो.

मथुरा रोडने सरळ भोगल, तिथून डावीकडे स्टेशन — पाऊण तासाच्या आत पोचलो असतो. निघालोही तसंच. पहिल्या सिग्नलला मी मांडीवरचा कॅमेरा उचलून त्याच्याकडे धरला. तो खिडकीबाहेर बघत होता. हातभर अंतरावरचा माणूस... रिंग शेवटापर्यंत फिरवावी लागली.

मग मी उजवीकडे वळलो. लाजपत नगरच्या बाजूने आश्रम चौक. त्या वेळी आश्रमला ट्रॅफिकचं काय होतं हे दिल्लीत कोणालाही विचारा. त्याने विचारलं, इकडून? मी म्हणालो, भोगलला काम चालू आहे, मॅपवर लाल दिसतंय. मॅप मी बघितलाच नव्हता.

पाचला आम्ही पुलाच्या अलीकडे अडकलो. पाच वाजून दहा मिनिटांनीही तिथेच. मेश्राम सारखा फोनवरचं घड्याळ बघत होता. एकदा दार उघडून उतरायला निघाला — चालत जातो म्हणाला, धावत जातो. मी त्याची बाही धरली. मधून बस येतात, मरशील, असं काहीतरी बोललो. तो शब्द तोंडातून गेल्यावर मी बाही सोडली. त्याने दार लावून घेतलं. त्या क्षणी मी त्याला खरं सांगायला हवं होतं. त्याच्या आईबद्दल निर्णय घ्यायचा हक्क त्याचा होता, माझा नव्हता. पण काय सांगणार? रिड्यूसर म्हणतोय की तू जाऊ नकोस? बावीस वर्षं ज्याच्यासमोर मी बुवाबाजीवर भाषणं दिली, त्याला? खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त होती... मी लाजेपोटी गप्प बसलो, आणि भीतीपोटी गाडी जाममध्ये ठेवली.

पाच पंचवीसला त्याने फोन बघितला. गाडी वेळेवर सुटली होती.

“गेली,” तो म्हणाला.

मी कॅमेरा उचलला. एक मीटरच्या खुणेवर मेश्राम स्पष्ट होता. डोळ्यांतलं पाणीसुद्धा. रिंग पुढे नेली, धूसर झाला. मागे आणली, स्पष्ट. जगातल्या कोणत्याही माणसासारखा. मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं, ते त्याने बघितलं. त्याला काय वाटलं असेल ते मी कधी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. विमान धुक्यामुळे चार तास उशिरा उडालं. तो नागपूरला उतरला तेव्हा एक वाजला होता. आई पावणेअकराला गेली होती. सकाळी पूर्ण शुद्धीवर होती, भाऊ म्हणाला. दारात चपला वाजल्या की त्याचं नाव घेऊन विचारायची.

आणि ती पाच वीसची गाडी? आपण सगळे आता काय ऐकायला बसलो आहोत ते मला माहीत आहे. तिला काहीही झालं नाही. मी दिवसभर बातम्या शोधत होतो — शोधत होतो म्हणजे काय, देवाची शपथ न घेता सांगतो, मी आशा करत होतो. गाडी दहा मिनिटं उशिरा, सुखरूप वर्ध्याला पोचली. त्याच्या बर्थवर वेटिंगमधलं कोणी झोपून गेलं असेल, तेही सुखरूप उतरलं असेल.

रिड्यूसर मी गच्चीवर नेऊन तपासला. बायको, शेजारी, पाण्याची टाकी, समोरच्या टॉवरची कठड्यावरची धुणी — सगळं जिथल्या तिथे स्पष्ट होतं, आणि अनंताच्या पलीकडे सगळं धूसर. लेन्समधलं कळणाऱ्या दोघांना मेश्रामचे फोटो दाखवले. एक म्हणाला, कॉम्प्युटरवर केलेलं दिसतंय. दुसऱ्याने बराच वेळ बघितले आणि चहा मागवला.

तेरावं करून मेश्राम परत आला. डबा उघडला. मी काहीतरी बोलायला लागलो, माफी वगैरे. त्याने मला थांबवलं.

“ट्रॅफिक काय तुझ्या हातात होतं का बे?”

मी म्हणालो, नाही.

मेश्राम असल्या अनुभवांचं हे सदर वाचतो, मला हसवण्यासाठी त्याचे दुवे पाठवतो. हेही वाचेल. नाव बदललं आहे, गाव बदललं आहे, पण तो ओळखेल. समोर बसून सांगायला वर्ष झालं तरी जमलेलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. मी त्याला वाचवलं, की त्याच्या आईचा शेवटचा तास चोरला, हे मला माहीत नाही, आणि कळण्याचा कुठलाही मार्ग मला दिसत नाही. कॅमेऱ्यात जे दिसलं त्याचा खुलासा माझ्याकडे नाही. आश्रमच्या वळणाचा आहे. ते वळण मी मुद्दाम घेतलं.