मी उचललेला वाटा

थोरल्या भावाचं चांगलं झालेलं मला कधी बघवलं नाही. आता दोघांचेही केस पिकले, तरी ही खोड गेलेली नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

वडील गेल्यावर आमची वाटणी झाली. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. दादानं एका वाट्यात विहिरीजवळचा पानमळा ठेवला, दुसऱ्यात पूर्णा नदीकडची काळी कोरडवाहू रानं. मी क्षणभरही थांबलो नाही, मळा उचलला. आमच्या विड्याच्या पानांसाठी अकोल्याचे तांबोळी बांधावर येऊन बसायचे. त्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुतायचा आणि उन्हाळ्यात भेगांत काठी जायची. दादा नुसता 'बरं' म्हणाला. त्याला फसवल्याच्या आनंदात मी कित्येक दिवस होतो.

मग कापसाचा भाव चढला. सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती म्हणे. तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे बघू लागल्या. ती लढणारी माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत, पण त्यांच्यापायी आमच्या गावचं कुरण नांगरलं गेलं. दोन-तीन हंगामांत ज्वारी मागे हटत हटत गावाच्या कडेला आली. बाभळी गेल्या, पळसाचं बन गेलं, गाई चरायच्या तिथं कपाशी उभी राहिली. आगगाडीचा रस्ता अकोल्याकडे सरकत होता, त्यासाठी डोंगरातला साग उतरत होता. भाव तिकडे ठरायचा आणि नांगर इकडे फिरायचा. जमीन पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणायची, पण तिच्यात काय पिकवायचं ते आता आपण ठरवत नव्हतो. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की पूर्णेकडची ती रानं दादाची आहेत.

दादाच्या घरावरचं गवत जाऊन कवेलू चढले. वहिनीच्या हातात पाटल्या आल्या. अमरावतीच्या बाजारातून त्यानं पांढऱ्या बैलांची उंच जोडी आणली. ती माझ्या मळ्यावरून जाताना मुद्दाम घुंगरं वाजवते असं मला वाटायचं. भाकरी गोड लागेना. बायको म्हणाली, "आपल्याले काय कमी हाय? रोज ताजं पान विकून राहिलो ना आपण." मी तिच्यावर खेकसलो.

शेवटी एका उन्हाळ्यात मी मळा मोडायला काढला. पानमळ्यात आम्ही पायताण घालून जात नाही. वडील तर कुडाच्या दारात पाय धुऊन आत शिरत. त्या दिवशी मी वहाणांसकट आत गेलो, कोयत्यानं वेल खाली ओढले आणि त्यांना सावली देणारे पांगारे पाडले. दादा धावत आला. तशा घाईतही त्यानं वहाणा दाराशी काढल्या.

"काऊन तोडून राहिला रे?"

"कपाशी पेरतो. तुमालेच पेरता येते का?"

"या जमिनीत नाई होत कपाशी. खत-पाणी खाऊन मातली हाय हे जमीन. कपाशीले भुकी जमीन लागते. ऐक माहं."

याला एकट्यालाच मोठं व्हायचं आहे, असं मी मनात म्हटलं आणि पुढचा पांगारा पाडला.

कपाशी आली. अशी आली, की आत उभा माणूस दिसेना. दादाची कमरेएवढी, माझी डोक्याच्या वर. लोक बघायला यायचे आणि मी मिशांना पीळ भरायचो. पण दसरा झाला, दिवाळी झाली, तरी पाल्यावर पाला. बोंडं हात घालून शोधावी लागत. पानं विकायचं सोडून मी पुन्हा पानंच पिकवली होती, फक्त आता ती कोणी खात नव्हतं.

पुढच्या साली ती दूरची लढाई मिटली आणि भाव धाडकन उतरला. दादालाही फटका बसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण त्याच्या रानात पुन्हा ज्वारी पेरता आली. माझा मळा तसा परत येणार नव्हता. वेल लावला तरी त्याच्यावर सावली धरणारी झाडं वाढायलाच वर्षं लागतात. आणि कुरण तर कोणाचंच परत आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न निघालं. आमच्या घरच्या लग्नातले विडे आजोबांपासून आमच्याच मळ्यातल्या पानांचे. मी जाणार नव्हतो, बायकोनं ओढून नेलं. मांडवात टोपल्या भरून कोवळी पानं ठेवलेली. ती अंजनगावाहून आलेली. गाडी उतरताना मी स्वतः पाहिली होती. व्याह्यानं विडा तोंडात घातला आणि विचारलं, "पान मोठं नामी हाय. कुठलं म्हणावं?"

"माह्या भावाच्या मळ्यातलं," दादा म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

व्याही कौतुकानं माझ्याकडे वळला. मी मान डोलावली.

रानाचा, कवेलूंचा, बैलांचा हेवा माझा करून झाला होता. नशीब फिरलं असतं तर ते मलाही मिळालं असतं. पण दादाच्या जागी मी असतो, तर भर मांडवात भावाची फजिती सांगितली असती, आणि चांगली रंगवून सांगितली असती. हे मला तो विडा चघळताना कळलं. त्या दिवशी दादाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कापसाच्या भर तेजीतही वाटला नव्हता.