वत्सलाताईंची भरलेली बाटली

हे आत्ताच सांगते, कारण अजून पंधरा दिवस थांबले तर त्यातली माझी चूक मी हळूच गाळून टाकीन. खडकीहून वत्सलाताईंच्या मुलीचा फोन आला, "आई गेली," तेव्हा मी मायक्रोस्कोपखाली उंदराची किडनी बघत होते. रिपोर्टमध्ये त्या किडनीपुढे लिहायचं होतं, 'बरी झालेली'... त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

ताई मूळच्या वर्ध्याच्या. आमच्या इन्स्टिट्यूटच्या उंदीरघरात पिंजरे धुवायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. माझी पीएचडी किडनीच्या इन्फेक्शनवर. उंदराच्या मूत्राशयात बॅक्टेरिया सोडायचे, ते वर किडनीपर्यंत चढतात, मग औषध द्यायचं आणि किडनी कशी भरून येते ते बघायचं. हे ऐकून ताई म्हणाल्या होत्या, "आधी तूच बिमार पाडतं, मंग तूच औषध देतं? भारी काम आहे बापा." पण कुठला उंदीर आजारी, हे त्यांना माझ्या रिपोर्टआधी कळायचं. प्रत्येक बाटलीवर नख वाजवून पाणी किती उतरलंय ते बघायच्या. "हा नाही पेला," एवढंच. दुसऱ्या दिवशी तो अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला असायचा.

त्यांची स्वतःची स्टीलची बाटली मात्र बाहेर खुंटीला असायची आणि संध्याकाळी भरलेलीच घरी जायची. उंदीरघरातून बाथरूमला जायचं म्हणजे गाऊन, टोपी, हातमोजे सगळं उतरवा, परत नवीन चढवा. "पाणीच नाही पेलं तर जावंच नाही लागत," म्हणायच्या. आम्ही हसायचो. मीपण तेच करायचे.

उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप आला, पाठ धरली. डॉक्टरांनी किडनीचं इन्फेक्शन सांगून दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी ताई कामावर हजर. "ताप उतरला. गोळ्यानं मळमळते, बंद केल्या." मी टाइप करत होते. मान वर न करता म्हणाले, "उतरला ना? मग झालं."

हे मी म्हणाले. माझे उंदीरही चार दिवसांच्या औषधानंतर असेच पळायला लागतात, खातात, बाटल्या रिकाम्या करतात. पण त्यांची किडनी वाटून जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरली की दुसऱ्या दिवशी बॅक्टेरियाचे ठिपकेच ठिपके. माझ्या वहीत हे मोठ्या अक्षरात लिहिलंय.

दोन आठवड्यांनी पुन्हा हुडहुडी भरली. हॉस्पिटलमध्ये नेलं तोवर इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "बाटल्या भरल्या का व?" मला सांगायचं होतं की ताई, गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नसतात, हे मला माहीत होतं... "भरल्या," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो फोन.

फोन आला तेव्हा बघत होते त्या स्लाइडवरच्या बऱ्या झालेल्या किडनीत वण होता, आणि वणाच्या जागी खड्डा. ताईंची तर तेवढीही भरून आली नाही.

कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांची बाटली घरी न्यायची राहिली. अजून खुंटीलाच आहे, कुणी रिकामी केलेली नाही. जाता-येता मी तिच्यावर नख वाजवते. काठोकाठ भरलेल्या बाटलीचा आवाज बद्द येतो.

तुमच्या घरी कुणी गोळ्यांची अर्धी पट्टी डब्यात टाकून "आता बरं वाटतंय" म्हणालंय का... आणि तुम्हीही मान वर न करता "मग झालं" म्हणालात का?