हॉकडे सरांची घायपात

वाळवंटातली झाडं-प्राणी दाखवणारं एक केंद्र आमच्या गावाबाहेर आहे. तिथे हॉकडे सरांइतकं कडक कोणी नाही. तसे ते नोकरीला नाहीत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, घरात ओरडायला कोणी उरलं नाही, म्हणून केंद्रात बिनपगारी वाटाडे झाले. पांढरी हॅट, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात छडी. छडी झाडं दाखवायला आहे असं ते म्हणतात. शाळेची सहल निवडुंगाच्या बागेतून जाते तेव्हा मुलं काट्यांपेक्षा सरांनाच जास्त भितात.

त्यांची शिकवण एकच, निसर्गाच्या कामात नाक खुपसू नका. केंद्रात जेवण मी पुरवते. वाटेवर पडलेलं पाखराचं पिल्लू मी एकदा उचलून झुडपात ठेवलं, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "नेल्डा, तुझ्या पातेल्यात ढवळायला ते पिल्लू येतं का?"

दारातली घायपात मात्र सरांची लाडकी. केंद्र उघडलं त्या वर्षी त्यांनीच ती लावलेली. आता दोघांनी कवेत घेतली तरी मावायची नाही. केंद्राच्या कपांवर आणि टोप्यांवर तिचंच चित्र. "ही शंभर वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की मरते," सर पाहुण्यांना सांगत. "तेव्हा बघायला आपण कोणी नसू." हे सांगताना त्यांची छाती फुगायची. आपण गेलो तरी दारात आपली घायपात उभी असणार, एवढं त्यांना पुरे होतं. घायपातीला फुलायला वीस-तीस वर्षं पुरतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरांना सांगणार कोण?

शेवटी ते घायपातीनेच सांगितलं. एप्रिलमध्ये तिच्या पोटातून जाडजूड दांडा निघाला आणि सकाळ-संध्याकाळ नजरेला कळेल असा वाढू लागला. केंद्राची संचालक रोसाल्बा हरखून गेली. ती सरांचीच विद्यार्थिनी.

"सर, फुलं आली की गावजेवण घालू. रात्री फुलांतला मध प्यायला वटवाघळं येतील, लोकांना दाखवू."

"दांडा रोगट दिसतोय," सर म्हणाले.

"फुलाचा दांडा आहे, सर."

"मला शिकवतेस?"

सोमवारी केंद्र बंद असतं. मंगळवारी मी स्वयंसेवकांसाठी राजमा भरून गुंडाळलेल्या पोळ्या, म्हणजे बरिटो, घेऊन गेले, तर दांड्याचा नुसता खुंट उरलेला. शेजारी सर उभे. अंगठ्याला पट्टी.

"हरणं," ते म्हणाले.

आमच्याकडची हरणं दांडे खातात, ते खरं आहे. पण ती चावून चोथा करतात. हा तर सुरीने पाव कापावा तसा सपाट. रोसाल्बाने एकदा खुंटाकडे पाहिलं, एकदा अंगठ्याकडे.

"फार माजलीत हरणं," ती म्हणाली. "सर, आजपासून पाहुण्यांना हे नुकसान तुम्हीच दाखवायचं. तुमच्याइतकं कोण समजावून सांगेल?"

शाळेत तिला कितीदा बाकावर उभं केलं असेल कोण जाणे, पण सगळं एकदम वसूल झालं.

मग सर रोज त्या सपाट खुंटावर छडी टेकून हरणांचे दात समजावून सांगू लागले. आम्ही कामाच्या निमित्ताने जवळपास रेंगाळायचो. फुलू दिली नाही म्हणजे ती जगेल, असा सरांचा हिशेब. घायपातीला तो कोणी कळवला नव्हता. जूनमध्ये पानं पिवळी पडली, जुलैत लोळली. थेंबाथेंबाचा हिशेब शिकवणारे सर पहाटे झारी घेऊन येऊ लागले. मीही हसत होते. मग एका पहाटे त्यांना एक मेलेलं पान उचलून दुसऱ्यावर नीट टेकवताना पाहिलं, आणि त्यानंतर मला तितकंसं हसता येईना.

ऑगस्टच्या एका फेरीत उत्तरेकडची, गुरं पाळणारी एक रँचवाली आजीबाई होती. खुंटाकडे वाकून म्हणाली, "अहो मास्तर, या हरणाला करवत कोणी दिली?"

सरांनी खुंटावर टेकलेली छडी खाली घेतली.

"हरीण नव्हतं," ते म्हणाले. "मी कापला. मरू नये म्हणून."

"मग?"

"तरी मेली. आता बीही नाही."

आजीबाईने मान हलवली, हॅट सारखी केली आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. सरांनी तितक्याच गंभीरपणे छडी उचलून दाखवलं.