आत्याबाईचे सहा आकडे

आत्याबाईला सहा आकडे एका दमात सांगितलेले चालायचे नाहीत. दोन सांगायचे, थांबायचं. ती ते परत म्हणून दाखवणार, मग पुढचे दोन. जन्मभर नर्सबाईची नोकरी केलेली. डॉक्टरने सांगितलेला डोस परत म्हटल्याशिवाय तिने कधी सुई उचलली नाही.

ही माझी सख्खी आत्या. लग्न केलं नाही. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा बदलीवर तिकडे जावं लागू नये म्हणून तिने अर्जावर अर्ज केले. भावाचं घर जवळ हवं होतं. अड्याळला आमच्या शेजारीच राहिली. पुढे भाऊ, म्हणजे माझे बाबा गेले, मग आई. मी पुण्याला नोकरी धरली. मागे आत्याबाई एकटी.

पेन्शनच्या खात्याचा फॉर्म भरताना मोबाईलच्या रकान्यात तिने माझा नंबर लिहिला. आमच्याकडे रीतच तशी. सरकारी कागदावर घरातल्या शिकल्यासवरलेल्या पोराचा नंबर द्यायचा, म्हणजे काम अडत नाही. नंतर तिने स्मार्टफोन घेतला, त्यावर खरेदी शिकली, आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. कार्डाने पैसे भरायचे तर बँक ओटीपी पाठवणार, आणि तो येणार पुण्यात माझ्या फोनवर. मी फोन करून सांगेपर्यंत ही कार्ड हातात धरून बसलेली.

"जय भीम बाबू. आला का नंबर?" मी सांगायला लागलो की मधेच विचारणार, जेवलास का, डब्यात काय होतं, खोकला गेला का. तेवढ्यात मुदत संपायची. नाहीतर आकडा चुकायचा. "नाई घेत म्हनते रे. दुसरा पाठवते म्हनते." की पुन्हा पहिल्यापासून. आणि मागवायचं काय, तर चहाची गाळणी, उशीचे अभ्रे, कपड्यांचे चिमटे! अड्याळच्या बाजारात काय मिळत नाही यातलं? सामान हातात आल्यावर पैसे देता येतात, हेही दहादा सांगून झालं. ते तिला काही केल्या पटायचं नाही.

एकदा साहेबांसमोर बसलो असताना तीनदा ओटीपी आला. बाहेर येऊन मी फोन लावला आणि जरा जोरातच विचारलं, "आत्या, मला दुसरी कामं नाहीत का गं?" ती लगेच म्हणाली, "हो ना रे, तुले तरास होऊन राहिला." आणि तिनेच फोन ठेवला.

मी रजा टाकून गावी आलो. तिला एसटीत बसवून भंडाऱ्याला बँकेत नेलं. फॉर्म, फोटो, सह्या. खिडकीतल्या मॅडमने विचारलं, आता कोणाचा नंबर टाकायचा? आत्याबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा नंबर सांगून टाकला. दोन दिवसांनी मेसेज आला, नंबर बदलला म्हणून. लगेच तिच्याकडून एक टॉवेल मागवून पाहिला. ओटीपी तिच्या फोनवर आला, तिने सहा आकडे पहिल्या फटक्यात बरोबर टाकले. मी म्हटलं, बघ, किती सोपं झालं. ती हो म्हणाली. नोकरीभर डोस न चुकलेली बाई माझ्या फोनवर दर वेळी आकडे कशी चुकत होती, हे तिथेच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मी त्याच रात्रीच्या गाडीने पुण्याला परतलो.

त्यानंतर तिने काही मागवलंच नाही. मला मात्र बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? कामं बिनअडथळा होत होती. तीनेक महिने असेच गेले. एक दिवस दुपारी डबा उघडला आणि चैन पडेना. आज काय होतं डब्यात, हे विचारणारं कोणी नव्हतं. मी फोन लावला. त्यानंतर चारच दिवसांनी, धानकापणी चालू असताना, ती झोपेतच गेली. त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं ते हेच.

तिने फोन उचलला आणि माझं काही ऐकायच्या आधीच घाईने म्हणाली, "थांब बाबू, चष्मा लावू दे. कोनता नंबर पायजे तुले?"

मी म्हटलं, नंबर नको आत्या, असाच केला फोन.

घाबरलेल्या आवाजात तिने विचारलं, "मंग काहून केला रे? बरा हायेस ना तू?"