पाच-दहाची बस

उमाजीचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. निदान त्याचा तसा समज होता. बायको, राजलक्ष्मी, पावणेचारलाच उठून बंब पेटवायची. तिच्या हाकेने तो डोळे उघडायचा तेव्हा पाणी कढत असायचं आणि डबा भरलेला असायचा. त्याआधी अर्धा तास घरात कुणीतरी राबलेलं असतं, हे त्याला कधी सुचलंच नाही.

चामराजपेटहून बस पकडून तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचा. तिथे एका कारखान्यात तो लेथवर शाफ्ट करायचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला की जॉब भंगारात. फाटकाशी कार्डावर वेळ छापणारं घड्याळ होतं. सहाच्या आत आलं तर वेळ निळी, नंतर आलं तर तांबडी. आठवडाभर आधी न सांगता रजा घेतली तरी तांबडा शिक्का. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं दहा महिने, उमाजीच्या कार्डावर तांबडं काही उमटलं नव्हतं. दहा वर्षं पुरी झाली की दसऱ्यातल्या आयुधपूजेला मालक त्याला सगळ्यांसमोर शाल घालणार होते, वर महिन्याचा पगार. पगारापेक्षा शालीचीच स्वप्नं त्याला जास्त पडत. खांद्यावर ती कशी घ्यायची, हेही त्याने आरशात टॉवेल घेऊन पाहिलं होतं.

आभार मानायची त्याला सवय नव्हती. काम केलं की पगार, पैसे दिले की तिकीट, यात आभार कसले? आभार ही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, लोक चपला शोधत असताना मानायची गोष्ट.

बस सुटायची वेळ पाच-दहा. सुटायची पाच-चौदाला. उमाजी पाच-तेराला पोचायचा, तर ड्रायव्हर भीमसेन इंजिन चालू ठेवून बसलेला असायचा. उमाजी चढला की विचारायचा, "काय अण्णा, घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. बस काढा," उमाजी म्हणायचा. रिकामटेकडा माणूस, असं त्याचं मत होतं.

ही चार मिनिटं त्याला दोन वर्षं खुपत होती. बस वेळेवर सुटली तर पाळीआधी मशीनला नीट तेल घालता येईल. शेवटी त्याने डेपोत जाऊन तक्रारवहीत लिहिलं: पाच-दहाची बस दररोज चार मिनिटं उशिरा सुटते, मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. खाली सही, पत्ता, कारखान्याचं नाव. अक्षर वळणदार.

चार दिवसांनी तो पाच-तेराला स्टॉपवर आला, तर बस नव्हती.

तो रिक्षात बसला. रिक्षावाल्याने दीडपट भाडं मागितलं, ते त्याने मुकाट्याने कबूल केलं. सहाला एक मिनिट असताना कार्ड छापलं. निळं. सगळा रस्ता तो भीमसेनवर जळफळत होता: इतके दिवस उशिरा काढली, आता लवकर काढतो!

मशीनजवळ आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे मायक्रोमीटर हातात घेतला. मापं घेण्याआधी दोन्ही टोकं मिटवून शून्य बरोबर आहे का ते बघायचं, हा त्याचा नेम. शून्य बघता बघता त्याचा हात थांबला. बस पाच-दहाची. आपण पोचलो पाच-तेराला. बस लवकर कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी तो पाचलाच स्टॉपवर हजर झाला. गाडीवर ड्रायव्हर दुसराच. कंडक्टर मात्र जुनाच, त्रिविक्रम.

"या उमाजीअण्णा," त्रिविक्रम म्हणाला. "आज लवकर? की आता कंडक्टरची तक्रार लिहायची आहे?"

"भीमसेन कुठे?"

"त्याला मेमो मिळाला. गुरुवारी दहाला डेपोत चौकशी. बहुतेक दुपारच्या पाळीला टाकतील."

"पण तो उशिरा काढायचाच ना?"

"कुणासाठी काढायचा?" त्रिविक्रमने तिकिटांची पेटी काखेत मारली. "दोन वर्षांपूर्वी एक दिवस तुम्ही एक चप्पल हातात घेऊन धावत आलात. आठवतं? तो म्हणाला, स्वल्प थांबू. दुसऱ्या दिवशीही तुम्ही उशिरा."

उमाजीला आठवलं. चपलेचा अंगठा तुटला होता. तरी बस मिळाली, तेव्हा त्याने ठरवलं की बस पाच-चौदाला सुटते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा निघून पाहिलं, तरी मिळाली. दोनदा माप घेतलं, दोनदा तेच आलं. लेथवाल्याला एवढं पुरे.

"त्याला वाटलं, तुमच्या घरी कुणीतरी आजारी असणार," त्रिविक्रम म्हणाला.

"दोन वर्षं?"

"तो म्हणायचा, लांबलेलं दुखणं असेल. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे ना, येलहंक्याला. दुपारी घरी जाऊन तोच तिचं सगळं करतो. दुपारची पाळी मिळाली तर तिला कोण बघणार?"

उमाजी खिडकीशी जाऊन बसला. आजवर शंभरेक शिकाऊ पोरांना त्याने ऐकवलं होतं, आधी आपलं शून्य तपासा. तपासलं नव्हतं ते एकानेच.

गुरुवारी सकाळी त्याने सुपरवायझर नंदकिशोरला गाठलं. "नऊ वाजता जायचंय. अर्धी रजा."

"आधी सांगितलेलं नाही. तांबडा शिक्का बसेल," नंदकिशोर म्हणाला. "दोन महिने राहिलेत रे बाबा. चिठ्ठी पाठव डेपोत."

"चिठ्ठीनेच घात केलाय."

"शाल जाईल."

"जाऊ दे. तशीही खांद्यावर राहत नाही," उमाजी म्हणाला. नंदकिशोरला यातलं काही कळलं नाही.

डेपोतल्या साहेबांनी वही उघडली. भीमसेन टोपी हातात धरून कोपऱ्यात उभा होता.

"तक्रार तुमची?"

"होय साहेब. आणि उशीरही माझाच."

उमाजीने सगळं सांगितलं, चपलेपासून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं तुमच्यासाठी बस थांबली आणि तुम्हीच तक्रार केलीत?"

"बस मोजली साहेब. स्वतःला मोजायचं राहिलं."

साहेब हसले, पण नियम सोडला नाही. एका माणसासाठी बस थांबवायची नाही, अशी लेखी ताकीद दिली आणि भीमसेनला सकाळच्याच पाळीवर ठेवलं.

बाहेर आल्यावर उमाजीने घसा साफ केला. "मी आपला आभारी आहे," तो म्हणाला. मंडळाच्या सेक्रेटरीसारखा आवाज निघाला. स्वतःलाच लाज वाटली, म्हणून साधं विचारलं, "आईचं कसं आहे?"

भीमसेन कट्ट्यावर टेकला आणि अर्धा तास सांगत बसला. उमाजीने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

तेव्हापासून तो पाचलाच स्टॉपवर जाऊन उभा राहू लागला. उभ्या उभ्या दिसायला लागलं: भीमसेन समोरची काच पुसतो, त्रिविक्रम म्हाताऱ्यांसाठी पुढची जागा राखतो. मग घरचंही दिसलं. एके दिवशी राजलक्ष्मीला तो म्हणाला, "पाणी छान तापवलंस हं."

तिने मागे वळून पाहिलं. "काय फोडलंत?"

सवय जडायला वेळ लागला. पण एक फरक त्याला मापात सापडला. पूर्वी तो कुणावर तरी चरफडत मशीनजवळ पोचायचा आणि दिवसाचा पहिला जॉब बऱ्याचदा भंगारात जायचा. आता पहिला जॉबही नीट उतरू लागला.

आयुधपूजेला शाल दुसऱ्याच कुणाला मिळाली. उमाजीने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून नाही, पण वाजवल्या. त्या महिन्याच्या पगारातून त्याने अर्ध्या लिटरचा थर्मास घेतला. कॉफी राजलक्ष्मीने करायची, असं आधी त्याच्या डोक्यात होतं. मग लक्षात आलं, हे तर पुन्हा तिच्याच कष्टावर उपकार फेडणं झालं. म्हणून तो चारलाच उठून स्वतः कॉफी करू लागला. पहिल्या दिवशी डिकॉक्शन पाण्यासारखं उतरलं. भीमसेन आणि त्रिविक्रमने ती कॉफी न बोलता संपवली. थर्मास तिघांना बरोबर पुरायचा. चौथा कुणी आला, की उमाजी आपला वाटा त्याला द्यायचा आणि सांगायचा, मी घरून पिऊन आलोय.