पोहणे आणि जलतरण

सोनगीरजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकले. विहीर गोल होती आणि मधोमध मोटारीचा पाइप उभा होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून दिला आणि सांगितलं, भिंतीच्या कडेकडेनं फिर, दमलीस तर दगड धर. चार उन्हाळे मी तशी फिरले. डबा सुटला, भीती गेली, पण फिरणं राहिलं. नेहमी डावीकडे.

धुळ्याला शाळेच्या स्पर्धेत मी आयुष्यात पहिल्यांदा चौकोनी तलाव पाहिला. शिट्टी वाजली आणि मी सुसाट निघाले. मध्येच डोकं वर काढलं, तर मी शेजारच्या मुलीच्या लेनमध्ये होते. पुन्हा काढलं तेव्हा तिच्याही पलीकडच्या. काठावरून आबा विचारत होते, "पोर, वाकडी कथी चालनी?" कुठं चालले ते मलाही कळलं नव्हतं. पंचांनी मला बाद केलं.

तिथल्या सरांनी मात्र मला बाजूला घेतलं. हे सर उत्तम शिकवायचे, पण कान दुखतो म्हणून स्वतः कधी पाण्यात उतरायचे नाहीत. काठावर बूट घालून उभे असायचे. ते म्हणाले, "तुझा उजवा हात जास्त ओढतो, डावा मागे राहतो. दोघांना एकदमच कामाला लावू." असं मला बटरफ्लाय मिळालं. त्यात दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर येतात आणि एकाच वेळी आत जातात. वाकडं जायला वावच नाही.

तेव्हा आमच्याकडे बटरफ्लाय करणारी दुसरी मुलगीच नव्हती. पहिल्या दोन स्पर्धांत मी एकटी पोहले आणि पहिली आले. आबांनी दोन्ही वेळा पेढे वाटले. एकटीच होते हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग? पहिलीच ना?" पुढं मात्र खरी मेहनत झाली. राज्य स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, राष्ट्रीय स्पर्धेत सातवी आले. खेळाडूंच्या राखीव जागेतून जळगावला सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले, लग्न झालं आणि पोहणं थांबलं. थांबवायचं असं कधी ठरवलं नव्हतं. एका वर्षी पोशाख धुवून कपाटात ठेवला, तो नंतर काढलाच नाही.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना, पेन्शनचे कागद तपासताना कक्ष अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण फाइल वाचताना सत्तरीचे वाटणारे गृहस्थ. समोर, ज्यावर नोकरी लागली ते माझं जुनं खेळाचं प्रमाणपत्र होतं.

"मॅडम, यावर क्रीडाप्रकार पोहणे लिहिलाय."

"हो."

"मान्यताप्राप्त यादीत पोहणे नाही. यादीत जलतरण आहे."

मी म्हणाले, "साहेब, दोन्ही एकच."

"तसं कुठं लिहिलेलं आहे का?"

तसं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. खाली प्रकार म्हणून 'फुलपाखरू' असं लिहिलं होतं, त्यावर त्यांनी पेन्सिलीनं गोल केला होता. तो विषय मी काढला नाही.

दोन आठवड्यांनी समिती नेमली गेली. मी पोहून दाखवायचं आणि ते जलतरण आहे का हे समितीनं ठरवायचं. अध्यक्ष स्वतः कक्ष अधिकारी. सदस्य म्हणून पाटबंधारे खात्यातले एक अभियंते, कारण विषयात जल होतं. जवळच्या तलावाची दुरुस्ती चालू असल्यानं त्यात पाणी नव्हतं. शेवटी अभियंत्यांच्या ओळखीच्या एका केळीवाल्याचं शेततळं ठरलं.

मुलीची ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून मी सकाळी तिथं पोचले. मला रात्रभर एकच धास्ती होती की शरीराला आठवलं नाही तर काय. शेततळ्याला काळं प्लॅस्टिक अंथरलेलं होतं आणि उतारावर शेवाळ धरलं होतं. मालकानं बाहेर यायला दोर सोडून ठेवला होता. त्याची बायको आणि सुना केळीच्या बागेतून पाहत होत्या.

मी पाण्यात उतरले. पहिले तीन हात नुसते पाण्यावर आपटले. चौथ्याला पाठ वाकली, पाय जुळले आणि मी पुढं सरकले. तीसेक वर्षांनी छातीखालून पाणी तसं गेलं तेव्हा मला रडू आलं, पण तोंड पाण्यात असल्यानं ते कोणाला कळलं नाही.

मी परत वळले तर अध्यक्ष काठावर नव्हते. नीट दिसावं म्हणून ते दोन पावलं खाली आले होते आणि फाइलसकट घसरत पाण्यात गेले होते. अभियंते काठावरून "साहेब, हात मारा" असं सांगत होते. मी जवळ गेले, मागून त्यांच्या हनुवटीखाली हात घातला आणि एका हातानं पोहत त्यांना दोराशी आणलं. फाइल मालकाच्या सुनेनं बांबूनं ओढून काढली.

मालकाचा पंचा गुंडाळून अध्यक्षांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "मॅडम, मी आभारी आहे. पण मला ओढत आणलंत ते अंतर धरता येणार नाही. ते फुलपाखरू नव्हतं."

मला राग यायला हवा होता. पण त्यांचे ओठ अजून थरथरत होते आणि ते मनापासून बोलत होते. मी पुन्हा उतरले आणि लांबीच्या दोन फेऱ्या मारल्या. दुसरी फेरी, खरं सांगायचं तर, मी त्यांच्यासाठी मारलीच नाही.

अहवालात त्यांनी लिहिलं: "सदर कर्मचारी यांनी पोहून दाखवले. ते जलतरण असल्याचे समितीने प्रत्यक्ष अनुभवले." फाइल वाळल्यावर फुगली होती, पण अहवाल वर मंजूर झाला. मी वेळेवर निवृत्त झाले.

त्यानंतरच्या रविवारी अभियंत्यांचा फोन आला. जरा अडखळत म्हणाले, "मॅडम, सगळी नोकरी धरणांवर गेली. मला पोहता येत नाही. शिकवाल का?" मालकानं शेततळं वापरायला दिलं. अभियंते बायकोलाही घेऊन येतात. बाई तिसऱ्याच रविवारी तरंगायला लागल्या, आता आडव्या पार जातात. अभियंते अजून दोर धरून उभे असतात. मी त्यांना सांगते की पाण्यात तोंड मिटून ठेवावं लागतं, आणि ते मला असं का, हे विचारायला तोंड उघडतात.